टेबलावरच्या चपला

आमच्या सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये चपला टेबलावर ठेवायची पद्धत होती. दाराबाहेर नाही, टेबलाखाली नाही. टेबलावर, फोनच्या शेजारी, पाण्याच्या तांब्याला खेटून. किनवट तालुक्यात इस्लापूरच्या अलीकडे मी ऑपरेटर म्हणून रुजू झाले, त्या दिवशी आत पाऊल टाकलं तर पहिलं दर्शन चपलांचं झालं. अंगठ्यापाशी तारेनं शिवलेल्या, टाचेला झिजून कागद झालेल्या. त्यांच्यामागे जाड चष्म्याचा एक लुकडा माणूस बशीत चहा ओतून पीत होता. हातातली फाईल ठेवायला जागा करावी म्हणून मी त्या चपला बाजूला सारायला गेले, तर हा माणूस बशी सांडून उभाच राहिला.

"हात लावू नका म्याडम! माणूस खांबावर हाय."

हे आमचे मामा. नाव वेगळं होतं, पण साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे मामाच म्हणायचे. काही प्रेमानं, बरेचसे टिंगलीनं.

लाईनमनला तारांवर काम करायचं असलं की तो ऑपरेटरकडे परमिट मागतो. म्हणजे ऑपरेटरनं त्या गावांची लाईन बंद करायची, आणि लाईनमन खाली उतरून काम झालं असं सांगेपर्यंत चालू करायची नाही. याला कागद असतो, सह्या असतात; पण घाईच्या वेळी सगळं फोनवरच चालतं. "झालं, सोडा लाईन," एवढं कानावर पडलं की ऑपरेटर स्विच फिरवतो. मामांना तेवढं पुरायचं नाही. परमिट मागायला येणाऱ्यानं आपल्या पायातल्या चपला काढून टेबलावर ठेवायच्या, कामाचे बूट घालून जायचं, आणि काम संपलं की स्वतः येऊन आपल्या चपला घालून जायचं. तेव्हा कुठे लाईन चालू. मधे फोन आला तरी नाही, साहेबांचा आला तरी नाही.

"फोनचं काय घेऊन बसलीस माय," ते मला म्हणाले. म्याडमवरून माय व्हायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. "फोनवर कुणी बी बोलतंय. पाय आल्याबिगर लाईन न्हाई."

यात वेळ किती जायचा, विचारू नका. लाईनमन लांब कुठेतरी काम करून परत सबस्टेशनला येणार, चपला घालणार, मग गावात पंखे फिरणार. लोक फोनवर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकदा एक साहेब मुद्दाम आले आणि म्हणाले, "हे सबस्टेशन आहे का देवळाचं दार?" मामांनी हात जोडले. "साहेब, मी लई भित्रा माणूस हाय. माझी बदली करून टाका." त्या जंगलाच्या तोंडाला दुसरं कोण यायला बसलं होतं? साहेब चहा पिऊन गेले आणि चपला टेबलावरच राहिल्या.

भित्रे मात्र ते खरंच होते. एवढा भित्रा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि आपलं भित्रेपण एवढ्या मोकळेपणानं सांगणारा तर नाहीच. पाल दिसली की खुर्चीवर पाय घेऊन बसायचे. बँकेचा खराखुरा फोन आला तरी घाबरून कट करायचे आणि वर मोबाईल थोडा वेळ बंद ठेवायचे. नांदेडच्या ऑफिसात लिफ्ट होती, पण हे जिने चढून धापा टाकत वर जाणार. सगळा जन्म सहस्रकुंडाच्या आसपास काढला, पण धबधबा पाहिलेला नाही. "पाणी लई जोरात पडून राहिलंय म्हणतेत. तेला बघून मी काय करू?" मामी बोलायची बंद झाली की त्यांना भीती, मामी फार बोलायला लागली तरी भीती. आणि सगळ्यात मोठी भीती डॉक्टरची. जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, हे स्वतःच सांगायचे, आणि वर म्हणायचे, "तपासलं की निघतंय माय. न तपासलेलं बरं."

एवढं कशानं भ्यायला लागले, याच्या कहाण्या सगळ्यांकडे होत्या. कुणी म्हणायचं, त्यांच्या हातून चुकून लाईन सुटली आणि माणूस गेला. कुणी म्हणायचं, सख्खा मेहुणाच होता तो. मला रात्रंदिवस तेच डोक्यात. एकदा धीर करून विचारलंच.

"न्हाई गं माय," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या नोकरीत एक बी माणूस गेला न्हाई."

"मग एवढं भ्यायचं कशाला?"

"झाल्यावर कुणी बी भेतंय. मी आधीच भेऊन घेतो."

मला हसू आलं, पण ते हसण्यासाठी बोलले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि स्विचच्या पॅनेलकडे असं पाहिलं की माझंही हसू विरलं. त्या दिवसापासून मलाही तो स्विच जनावरासारखा दिसायला लागला, दबा धरून बसलेला.

आणि मला तर भ्यायला कारणं ढीगभर होती. माझं माहेर लातूरकडचं, मुरुडचं. पोरगी तीन वर्षांची, तिला तिथे आईकडे ठेवून मी इथे. आईचे गुडघे गेलेले. नवरा लातुरात एका क्लासच्या ऑफिसात, आणि तो क्लास आज बंद पडतो की उद्या, अशी अवस्था. सकाळी डोळा उघडला की मोबाईलवर साहेबांचे ग्रुप, गावकऱ्यांचे ग्रुप, त्यात कुणीतरी मला उद्देशून लिहिलेलं काहीबाही. ड्युटीवर आलं की फोन. डबा उघडला की फोन. मी घरी जाऊनसुद्धा मनातल्या मनात स्विच तपासत बसायची. बंद केला होता ना? बरोबर लाईनचाच केला होता ना? हळूहळू असं झालं की फोन वाजायच्या आधीच माझ्या छातीत धडधडायला लागायचं.

एका दुपारी बॅटरी रूमच्या पायरीवर मी बसले आणि मला श्वासच घेता येईना. हातात फोन वाजत होता, आणि ही वाजणारी वस्तू काय आहे, हिचं काय करायचं असतं, तेच मला कळेना. हातपाय गार पडले. वाटलं, आपण आता इथेच मरणार.

मामा बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला, आपल्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मग जरा लांब, जमिनीवर बसले. आजपर्यंत मला ज्यानं त्यानं हेच सांगितलेलं की काही होत नाही, घाबरू नकोस. आई तेच म्हणायची, नवरा तेच म्हणायचा. मामा तसलं काही बोलले नाहीत.

"कशाचं भ्या वाटून राहिलंय?"

"सगळ्याचं," मी कशीबशी म्हणाले.

"सगळ्याचं संगं भेता येत न्हाई माय. मी करून बघितलंय. तेवढं भ्या माणसाच्या अंगात मावत न्हाई." ते अगदी जाणकारासारखे बोलत होते. "आत्ता, हितं. एकच सांग."

मी रडत रडत शोधलं. खूप खाली, सगळ्याच्या तळाशी होतं ते. "पोरीला ताप आलाय आणि आई माझ्यापासून लपवतेय, असं वाटतंय."

"मग तेवढंच भे. बाकीच्याला म्हण, थांब जरा, तुझी बी पाळी येईल." त्यांनी डबा उघडून फोन माझ्या हातात दिला. "लाव."

पोरगी शेजारणीच्या कोंबड्यांमागे पळत होती. ताप नव्हता, सर्दीसुद्धा नव्हती. मी फोन ठेवला आणि मोठ्यानं हसले, आणि मग परत रडले. मामा तेवढ्यात पाल बघून उठून आत गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून आमचा तो नेमच पडला. ड्युटी बदलताना "जयभीम" झालं की लगेच, "आज कशाचं?" मी एक सांगायची. मग मी त्यांना विचारायची. त्यांच्याकडे इतक्या असायच्या की निवडायलाच वेळ लागायचा. भीती काही माझी गेली नाही, खोटं कशाला सांगू. पण ती रांगेत उभी राहायला लागली.

एके दिवशी मी विचारलं, "आज कशाचं मामा?" आणि ते निवडायला थांबलेच नाहीत.

"छातीचं."

मी हट्टच धरला. मामी माझ्या बाजूनं उभी राहिली. मुलगा नांदेडलाच होता, त्यानं डॉक्टर ठरवला. ज्या दिवशी मामा तपासणीला गेले, त्या दिवशी मी सबस्टेशनला एकटी होते, आणि नेमकं दुपारी वादळ आलं.

मे महिन्यातलं ते अवकाळी वादळ. आभाळ काळं झालं, पत्रे उडाले, झाडं तारांवर आडवी झाली. पॅनेलवरचे दिवे एकामागून एक गेले. वारा जरा ओसरला तसा लिंबाजी आला. आमचा जुना लाईनमन, तारेनं शिवलेल्या त्या चपला त्याच्याच. त्यानं त्या काढून टेबलावर ठेवल्या, बूट चढवले. "नाल्याकडच्या खांबावर तार तुटलीय ताई. जल्दी करून येतो." मी त्याची लाईन बंद केली, पुन्हा तपासली, आणि तो गेला.

मग फोन सुरू झाले. एक ठेवला की दुसरा. बऱ्याच वेळानं फाटकात मोटारसायकल थांबली आणि चिखलानं भरलेला एक माणूस धावत आत आला. नाल्याकडच्याच गावचा होता.

"लिंबाजीनं चपला मागितल्यात," तो म्हणाला. "काम झालंय. तो परस्पर घरी जाऊन राहिला, माझ्याजवळ निरोप दिला. सोडा लाईन."

"त्याला इथं यावं लागतं."

"अहो, तो उतरला खांबावरून. माझ्या डोळ्यांसमोर उतरला." त्याचा आवाज फाटला. "ताई, माझा बाप मशीनवर हाय. ऑक्सिजनच्या. दुपारपासून करंट न्हाई. तडफडून राहिलाय तिकडं."

मी लिंबाजीला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. तेवढ्यात साहेबांचा फोन, "निरोप आलाय ना? मग थांबलात कशाला?" फाटकाशी आणखी माणसं जमली होती, कुणीतरी लोखंडी दार बडवत होतं. माझ्या मोबाईलवर मुरुडहून आईचा फोन वाजत होता. मामांचा फोन लागत नव्हता. माझे कान बधिर झाले. पायरीवर झालं होतं तसंच व्हायला लागलं, श्वास वरच्या वर. माणूस खोटं बोलत नव्हता, ते मला दिसत होतं. माझ्या हातात एक स्विच होता. तो फिरवला तर एक म्हातारा वाचत होता, आणि न फिरवला तर कदाचित माझ्यामुळे मरत होता.

आत्ता, इथं. एकच.

मी टेबलावर पाहिलं. चपला होत्या, पाय आले नव्हते.

"त्यांना गाडीत घाला आणि दवाखान्यात न्या," मी म्हणाले. "तिथं सिलेंडर आहे. मी फोन करून सांगते त्यांना. आत्ता निघा."

"चपलीपायी माझा बाप मारतीस का?"

ते वाक्य मला अजून ऐकू येतं. तो पळत गेला. मी दवाखान्यात फोन केला, त्यांनी सिलेंडर तयार ठेवतो म्हणून सांगितलं. मग मी बाकी सगळे फोन वाजू दिले आणि दोन्ही हात चपलांवर ठेवून बसून राहिले. हात काढला तर तोच हात स्विचकडे जाईल, अशी मला भीती वाटत होती. त्या बापाचं काय झालं असेल, लिंबाजी खरंच घरी जेवत बसला असेल का, उद्या गाव माझं काय करील. एकेक भीती रांग सोडून अंगावर यायची, मी तिला मागे ढकलायची.

लिंबाजी आला तेव्हा त्याला गर्दीतून वाट काढता येत नव्हती. पायात बूट होते. चेहरा राखेसारखा. तो आत आला आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

"लाईन सोडली न्हाई ना ताई?"

"नाही."

त्यानं डोळे मिटले. निरोप खराच होता. तो खाली उतरला, ओळखीचा माणूस दिसला, त्याला चपला आणायला पाठवलं, कारण वादळात घरचा पत्रा उडाला होता आणि त्याला घर गाठायचं होतं. माणूस गेला. लिंबाजी पिशवी उचलायला वाकला, तर पुढच्या खांबावर आणखी एक तार लोंबताना दिसली. एवढं तर करूनच जाऊ म्हणून तो वर चढला.

"वर गेल्यावर आठवलं, आपण निरोप पाठवलाय म्हणून," तो म्हणाला. "आठवलं तवा हात तारेवर होता. फोन भिजून बंद पडलेला. उतरावं म्हटलं तर पाय हलंनात."

मी त्याला पाणी दिलं. त्याला प्यायला जमेना. बऱ्याच वेळानं त्यानं बूट काढले आणि चपला घातल्या. मगच मी उठले आणि स्विच फिरवला. म्हातारा दवाखान्यात पोचला होता. वाचला. त्याच्या मुलानं पुढे माझ्याशी बोलणं टाकलं, आणि त्याला मी कधी चूक म्हटलं नाही. आईनं फोन केला होता तो पोरगी नवं गाणं म्हणतेय ते ऐकवायला.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"चपला?"

"गेल्या. पायांसकट गेल्या मामा."

"म्हातारा?"

"आहे."

"मला मोठं ऑपरेशन सांगितलंय माय," ते म्हणाले. "पायातली शीर काढून छातीत बसवणार म्हणतेत."

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा टाकून नांदेडला गेले. हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून मामा स्ट्रेचरवर बसले होते, त्यात ते आणखीनच लुकडे दिसत होते. मामी एका बाजूला, मुलगा एका बाजूला. चपला काढा म्हणून नर्सनं सांगितलं. मामांनी त्या काढल्या, मुलानं हात पुढे केला, पण त्यांनी त्या माझ्याकडे दिल्या.

"कुणाला देऊ नको."

"नाही देणार."

मी विचारलं, "आज कशाचं मामा?"

"आज निवडाय येईना माय."

मला भडभडून आलं. पण हा माणूस माझ्यासमोर जमिनीवर बसला होता तेव्हा रडला नव्हता. "सगळ्याचं संगं भेता येत नाही," मी म्हणाले. "एकच सांगा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "लिफ्टचं," ते हळूच म्हणाले. "वर लिफ्टनं नेतेत म्हणे."

मी लिफ्टपर्यंत त्यांचा हात धरून चालले. आत मात्र मला येऊ दिलं नाही. दार लागताना त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

आम्ही बाकावर बसून राहिलो. चपला माझ्या मांडीवर. मामी त्यांच्याकडे बघायची आणि पदरानं तोंड पुसायची. खूप वेळानं मुलगा आला. ऑपरेशन झालं, पण अजून शुद्ध नाही, दोन दिवस काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. मग म्हणाला, "द्या त्या चपला ताई, पिशवीत ठेवतो. तुम्ही कशाला धरून बसलात?" मी दिल्या नाहीत. त्याला राग आला, बापाच्या चपलांवर ही परकी बाई हक्क सांगतेय म्हणून. मामी त्याला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तेंचं काय तरी हाय."

ड्युटीवर परतताना मी चपला सोबत आणल्या आणि टेबलावर फोनच्या शेजारी ठेवल्या. लिंबाजीनं त्या ओळखल्या. परमिट घेताना तो आपल्या चपला त्यांच्या जरा बाजूला, अंतर राखून ठेवायला लागला. मामांना शुद्ध आली, मग ते आयसीयूतून बाहेर आले, मग खिडकीपर्यंत चालले. सगळं फोनवर कळायचं. ऐकून बरं वाटायचं, पण फोनवरच्या गोष्टीवर विश्वास ठेवायची माझी सवय त्यांनीच मोडली होती. घरी बसल्या बसल्याच ते रिटायर झाले. निरोपाचा हारसुद्धा साहेबांनी मुलाच्या हाती पाठवला.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी फाटकाशी गाडी थांबली. मुलानं आधार देऊन मामांना उतरवलं. पायात मुलानं घेतलेले नवे सँडल होते. ते सँडल त्यांनी दाराशी काढले आणि अनवाणी, भिंतीला धरत आत आले. मी उभी राहिले. त्यांनी आधी पॅनेलकडे पाहिलं, मग छताकडे, पाल आहे का म्हणून, आणि मग टेबलाकडे.

मी चपला त्यांच्या पायाशी ठेवल्या. डावी गेली. उजव्या पायातली शीर काढलेली, तो पाय घोट्यापासून सुजलेला होता, अंगठासुद्धा आत जाईना. त्यांनी ओठ दाबून पुन्हा जोर लावला. मी बसून मदत करायला गेले तर त्यांनी हातानं थांबवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या, नवे आहेत ना."

मामांनी डावीही पायातून काढली. वाकताना त्यांचा हात छातीवर गेला. दोन्ही चपला उचलून त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसल्या आणि टेबलावर, होत्या तिथेच, फोनच्या शेजारी ठेवल्या.

"म्हंजे मी आजून खांबावरच हाय," ते म्हणाले. "ध्यान ठेव माय."

मुलानं त्यांना हाताला धरून गाडीकडे नेलं. चपला अजून टेबलावर आहेत. सकाळी ड्युटीवर आले की मी आधी त्या बघते, मग फोन उचलते.